भरती

मार्गदर्शिकेत लिहिलंय :
शब्द आधी फळ्यावर लिहावा,
मग सोपे वाक्य सांगावे,
वाक्य मुलांच्या परिसरातले असावे.

परिसर म्हणजे पारडी.
मनपाची शाळा, सकाळपाळी,
दोन नंबरवरच फिरणारा एक पंखा,
आणि खिडकीतून उड्डाणपुलाचे अर्धे खांब,
वर सळया, पिंजरल्या केसांसारख्या.

मी चिपळूणची. लग्न होऊन इकडे आले.
पहिल्याच आठवड्यात लिहून बसले होते,
'आई इडलीबरोबर सांबार करते.'
वर्ग खिदळला.
यामिनी परातेनं दुसऱ्या दिवशी
टेबलावर कोथिंबिरीची जुडी आणून ठेवली,
मुळांना ओली माती :
"सांबार हा असते म्याडम. याले निवडतात."
ती जुडी मी घरी नेली. वाक्य पुसलं.
तरी खोड जात नाही लवकर.

सोमवारचा शब्द होता भरती.
मला वाटलं, हा तरी माझा.
गुडघ्यापर्यंत माझ्या ओळखीचा.
लिहिलं, 'समुद्राला भरती येते.'
अक्षरं जरा जास्तच वळणदार आली.

"समुद्र म्हणजे अंबाझरीएवढा?"
त्याहून मोठा.
"मग गोरेवाडा?"
मी हात पसरले, दोन्ही भिंतींना लागतील इतके,
तरी त्यांच्या तोंडावर अंबाझरीच.

मग हेमराज नंदनवार उभा राहिला, न विचारता :
"माह्या मामा पोलीस भरतीत तीनदा धावला.
छाती अर्धा सेंटीमीटर कमी भरली."
मागच्या बाकावरून :
"माही काकू मेडिकलमधी भरती हाये,
वॉर्ड नंबर तेवीस, खाट नाई भेटली, खालीच हाये."
वर्ग गप्प झाला नाही.
वॉर्ड नंबर सगळ्यांच्या ओळखीचा होता.

खडू माझ्या हातात तसाच.
फळ्यावर माझा समुद्र,
त्याच्या खाली मी एकेक लिहीत गेले,
मामा, काकू, अर्धा सेंटीमीटर.

टिकेश्वरी निषाद चार महिने बोलली नव्हती.
बाप पुलावर, आई पुलावर,
धाकटा भाऊ पुलाखाली साडीच्या झोळीत.
हजेरीला नुसता हात वर करायची.
मी तिच्याकडे बघितलंही नाही,
सवयीनं पुढच्या बाकाकडे वळले,
तेव्हा मागून आवाज आला, घोगरा,
बरेच दिवस बंद असलेल्या नळासारखा :

"मी शाळेत भरती झाली."

बरोबर शब्द प्रवेश.
बरोबर रूप झाले.
हे दोन्ही मला येतं,
त्याचाच पगार मिळतो मला.
मी लिहिलं, जसं ती बोलली तसं,
समुद्राच्या वर जागा होती तिथं.

घटक चाचणीत प्रश्न आला :
विरुद्धार्थी शब्द लिहा. भरती × ______
उत्तरसूचीत एकच उत्तर, ओहोटी.
बत्तीस पेपरांत ओहोटी दोन,
तीही एकमेकांची बघून.
हेमराजनं लिहिलं : नापास.
काकूवाल्यानं लिहिलं : सुट्टी.
दवाखान्यातून माणूस घरी येतो
तेव्हा इथं म्हणतात, सुट्टी झाली.
(काकूला झाली. सोळा दिवसांनी.)

टिकेश्वरीचा पेपर सगळ्यात खाली.
रिकाम्या जागेत एक शब्द, रेघेच्या थोडा वर तरंगत :
गाव.

पूल तोवर वरून जोडला गेला होता.
सळया झाकल्या होत्या.
बुधवारपासून तिचा हात वर आला नव्हता.

लाल पेन बराच वेळ टेकून राहिलं असणार,
कागदावर थेंब उमटलाय.
त्याच्या शेजारी मी एक गुण दिला,
आणि एकूण बेरीज परत केली,
दोनदा.